घाटात उतरावं लागू नये म्हणून

बोपदेव घाटातल्या एका वळणावर आई मागून म्हणाली, "थांब गं जरा. मी उतरते. वरच्या वळणापर्यंत चालत येते, तू रिकामी गाडी ने."

आम्ही पुण्याहून सासवडला चाललो होतो, आईच्या माहेरी. मामी आजारातून उठली होती आणि आईला तिला बघायचं होतं. दिवे घाटात ट्रकांची गर्दी नकोशी वाटते, म्हणून कोंढव्याकडून बोपदेव. गाडी साधी, ११० सीसीची, नऊ वर्षांची, एक्केचाळीस हजार किलोमीटर झालेली. आम्ही दोघी आणि सामान मिळून १३० किलो असू. रेस पूर्ण पिळलेली आणि काटा वीसच्या खाली. मागून आलेला टेम्पो हॉर्न न देता नुसता खोळंबून राहिला होता, त्याचंच जास्त वाईट वाटत होतं.

आई खरंच उतरली. पदर खोचून, रस्त्याच्या कडेनं, एकाहत्तराव्या वर्षी. मी वर जाऊन थांबले आणि तिला येताना बघत राहिले. ती वर पोचली तेव्हा धापेनं बोलता येत नव्हतं, तरी म्हणाली, "गाडीला तरी किती ओढायला लावायचं?"

त्या एका वाक्यामुळे मी स्कूटर उघडली. लोक वेगासाठी, शर्यतीसाठी, नुसत्या हौसेसाठी स्कूटरच्या ट्रान्समिशनचे, म्हणजे इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या यंत्रणेचे, भाग बदलतात. त्यात चूक काही नाही. मला मात्र एवढंच हवं होतं की माझ्या आईनं पुन्हा घाटात उतरू नये.

आईनं गाडीबद्दल असं बोलावं यालाही कारण आहे. आमच्याकडे आधी बाबांची चेतक होती. डाव्या मुठीत क्लच आणि गिअर एकत्र, सुरू व्हायला किक, आणि कधी कधी किकच्या आधी गाडी एका बाजूला कलती करून पेट्रोल उतरवायचं. ती गाडी बाबांचीच राहिली. आईनं दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा मनगट दुखवून घेतलं आणि सोडून दिलं. मग ऐंशीच्या दशकाच्या शेवटी घरात कायनेटिक होंडा आली. ९८ सीसी, टू-स्ट्रोक, बटण दाबलं की सुरू. गिअर टाकायचे नाहीत, क्लच दाबायचा नाही. रेस दिली की चालते, सोडली की थांबते. आई चार दिवसांत शिकली. पाचव्या दिवशी मला पुढे उभं करून शाळेत सोडायला आली आणि तिथून एकटी मंडईत गेली. माझ्या आठवणीतली आई त्या दिवसापासून वेगळी आहे. अशा किती घरांत किती बायकांना त्या एका गाडीनं रस्ता दिला असेल! २००१ मध्ये अ‍ॅक्टिवा आली आणि पुढे सगळं शहरच बिनगिअरचं झालं, पण आमच्या घरात तो बदल आईच्या हातून आधीच झालेला होता.

आईनं ती गाडी पंधरा वर्षं चालवली. तिला कधी विचारलं नाही की बिनगिअरची गाडी चालते कशी. मलाही ते त्या घाटापर्यंत ठाऊक नव्हतं.

घाटातून आल्यावर मी आमच्या गल्लीच्या टोकाला असलेल्या मिस्त्रीकाकांकडे गेले. नेहमीचं सर्व्हिसिंग दुसरीकडे व्हायचं, बिलं व्यवस्थित होती, तेल वेळच्या वेळी बदललं जायचं. काकांनी गाडीला हातही लावला नाही. फक्त विचारलं, "ताई, घाटात गाडी ओरडते का कण्हते?"

मला प्रश्न कळला नाही. मग त्यांनी समजावलं. इंजिन जोरात ओरडत असेल आणि गाडी पुढे जात नसेल, तर बेल्ट किंवा आतला, आपोआप लागणारा क्लच घसरतोय. इंजिन खाली दबून, जड आवाजात घुं-घुं करत असेल, तर गाडी चुकीच्या 'गिअर'मध्ये अडकली आहे. बिनगिअरच्या गाडीला गिअर असतात हे मला तिथं पहिल्यांदा कळलं. चार-पाच नाही, मोजताच येणार नाहीत इतके.

"कण्हते," मी म्हटलं.

"मग इंजिन बरंय. डावीकडचं झाकण उघडा."

'उघडून देतो' नाही, 'उघडा' म्हणाले. मी दोन रविवार त्यांच्या शेजारी स्टुलावर बसले आणि नंतरचं काम घरच्या पार्किंगमध्ये केलं. झाकणाचे बोल्ट दिसायला सारखे, पण लांबीला वेगवेगळे. काकांनी पुठ्ठ्यावर झाकणाचा आकार काढायला लावला आणि जो बोल्ट जिथला, तिथं भोक पाडून खोचायला लावला. झाकण निघालं आणि बेल्टचा काळा भुगा मांडीवर सांडला.

आत जे दिसतं ते इतकं साधं आहे की मी बराच वेळ नुसती बघत बसले. पुढे एक पुली, इंजिनाच्या दांड्यावर. मागे एक पुली, चाकाच्या बाजूला. दोघींमध्ये व्ही आकाराचा रबरी बेल्ट. प्रत्येक पुली म्हणजे समोरासमोर ठेवलेल्या दोन उतरत्या ताटल्या. त्यातली एक जागची हलत नाही, दुसरी सरकते. ताटल्या जवळ आल्या की बेल्ट वर, कडेकडे चढतो. लांब गेल्या की खाली, मध्याकडे रुततो. गाडी सुटताना पुढचा बेल्ट खाली आणि मागचा वर असतो, म्हणजे पहिला गिअर. वेग वाढेल तसा पुढचा वर चढतो आणि मागचा खाली जातो. सायकलची चेन एका चकतीवरून दुसरीवर उडी मारते, इथे उडीच नाही.

पुढच्या ताटलीला ढकलतं कोण? सहा छोटे रोलर. धातूची नळी, वरून नायलॉनसारख्या प्लास्टिकचं आवरण, आकार साधारण मोठ्या मण्याएवढा. सरकत्या ताटलीच्या पाठीमागे सहा खाचा असतात, त्यात ते बसतात. इंजिन फिरू लागलं की गोफणीतल्या दगडासारखे बाहेर जायला बघतात, आणि खाचा उतरत्या असल्यामुळे बाहेर जाता जाता ताटलीला दाबतात. मागच्या पुलीवर त्यांच्या विरोधात एक मोठी स्प्रिंग उभी असते. या दोघांची ओढाताण म्हणजेच आपली गाडी. गिअर बदलायचा निर्णय दर क्षणी ही सात माणसं घेतात, असं मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "सहा एकीकडे आणि एक एकीकडे? बिचारी स्प्रिंग."

ही कल्पना मोटारीत रुजवली डच माणसानं. हुब व्हान डोर्न यांच्या डाफ कंपनीनं १९५८ मध्ये रबरी बेल्टची 'व्हेरिओमॅटिक' मोटार दाखवली, डाफ ६००. त्या रचनेमुळे ती मोटार जेवढी पुढे पळायची तेवढीच मागेही पळू शकायची. १९९३ मध्ये विल्यम्स संघानं फॉर्म्युला वनच्या गाडीवर याच तत्त्वाच्या ट्रान्समिशनची चाचणी घेतली, डेव्हिड कूल्टहार्डला चालवायला देऊन. १९९४ च्या नियमांनी त्याला शर्यतीत उतरायच्या आधीच बंदी घातली. जे तिथं चालू दिलं नाही, ते आमच्या मंडईत मेथीच्या जुड्या वाहतं. हे वाचलं त्या दिवशी मला फार आनंद झाला होता.

आता माझ्या गाडीत काय सापडलं ते. सहाही रोलर एका बाजूनं सपाट झालेले, जसं कुणी कानशीनं घासलं असावं. गोल वस्तू सपाट झाली की ती घरंगळत नाही, अडकून बसते. चढ आला, वेग पडला, की रोलरनी आत परत यायला हवं, म्हणजे खालचा गिअर मिळतो. माझे येतच नव्हते. बेल्ट व्हर्नियरनं मोजला, तर नव्यापेक्षा सव्वा मिलिमीटर अरुंद. ऐकायला काहीच नाही, पण अरुंद बेल्ट दोन्ही पुलींत जास्त खोल रुततो, त्यामुळे सुटतानाचा जोरही जातो आणि वरचा वेगही. तिसरी गोष्ट काकांनी मागच्या पुलीचे दोन भाग वेगळे करून दाखवली. तिथं तिरक्या खाचांत पिना असतात. चाकावर ओझं आलं की त्या खाचांमुळे पुली आपोआप घट्ट मिटते आणि गाडी खालच्या गिअरला येते. गाडीला चढ 'कळतो' तो इथं. तिथलं ग्रीस वाळून खडखडीत झालं होतं. गाडीला चढ कळतच नव्हता.

मी इंटरनेटवरून यादी करून आले होते: इटलीचा मालोसीचा व्हेरिएटर (म्हणजे ही सरकत्या ताटलीची पुढची पुली), तैवानचे डॉक्टर पुलीचे कोनदार रोलर, कडक स्प्रिंगा, हलका क्लच. काकांनी यादी वाचली आणि घडी करून परत दिली. "आधी गाडी होती तशी करा. मग कुठं कमी पडते ते बघू."

मला वाटतं, या सगळ्या उद्योगातलं सर्वात मोलाचं वाक्य हेच. झिजलेल्या गाडीवर महागडे भाग चढवले, की जो फरक जाणवतो तो बहुतेक नवेपणाचा असतो आणि श्रेय ब्रँडला जातं. मी नाना पेठेत जाऊन कंपनीचा बेल्ट आणि कंपनीचेच सहा रोलर आणले. मागच्या पिनांना नवं ग्रीस लावलं. रोलरना मात्र लावलं नाही. तिथं ग्रीस गेलं की भुगा चिकटतो आणि तापून पातळ झालं तर थेंब बेल्टवर उडतो.

आणि इथंच माझ्या हातून चूक झाली. बेल्ट बसवला, पुढच्या पुलीची ताटली लावली, नट गोटी पान्यानं आवळला. घट्ट लागला. गाडी सुरू केली, चौकापर्यंत गेले आणि डावीकडून बारीक कुरकुर ऐकू आली. मी तिथंच बंद केली आणि ढकलत परत आणली. काकांनी नट बघितला. तो सैल झाला होता. मागची पुली फाकवून बेल्ट आत खोल दाबून घ्यायचा असतो, म्हणजे पुढे तो ढिला राहतो. मी ते केलं नव्हतं. पुढच्या ताटल्यांच्या मधे बेल्ट चिमटला गेला होता आणि माझा नट लोखंडाला नाही, रबराला घट्ट लागला होता. गाडी फिरली, बेल्ट सरकला, नट सैल. तशीच आणखी दोन किलोमीटर गेले असते, तर दांड्यावरच्या बारीक दात्यांचा चुरा झाला असता. इंजिन पूर्ण खोलायचं काम. त्या रात्री मला झोप लागली नाही. घाटात, मागे आई बसलेली असताना हे झालं असतं, हाच विचार. हे काम स्वतः करणाऱ्या प्रत्येकाला मी हात जोडून सांगते: मागची पुली हातानं फाकवा, बेल्ट आत दाबा, पुढचा बेल्ट बोटांनी हलतोय हे बघा, मगच नट. आणि तो नट टॉर्क रेंचनं, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्यानं, अंदाजानं नाही.

गाडी होती तशी झाली, आणि खरं सांगायचं तर तेवढ्यानंच बरंचसं काम झालं. एकटीनं बोपदेव चढले, काटा पस्तीसवर. पण शेजारच्या मैत्रिणीला मागे बसवून गेले तेव्हा मधल्या तीव्र चढावर तोच जुना जडपणा जाणवला. आता बदलाचा विचार करायची वेळ होती.

स्पार्क प्लगच्या वायरीला गुंडाळायचं फेरे मोजणारं छोटं यंत्र मिळतं, ते घेतलं. दोघींच्या वजनाला, पूर्ण रेसवर, त्या चढावर इंजिन मिनिटाला ५,२०० फेऱ्यांच्या आसपास बसत होतं. अशा ११० सीसीच्या इंजिनाची पूर्ण ताकद, पावणेआठ-आठ अश्वशक्तीच्या आसपास, तब्बल साडेसात-आठ हजार फेऱ्यांना मिळते. म्हणजे चढावर मी त्यातली बरीच ताकद वापरतच नव्हते. रोलर हलके केले तर त्यांना तेवढाच रेटा द्यायला जास्त फेरे लागतात, त्यामुळे गाडी वरच्या गिअरला उशिरा जाते आणि इंजिन मोकळं फिरतं. हिशोबही सोपा आहे. रेटा वजनाच्या पटीत वाढतो आणि फेऱ्यांच्या वर्गाच्या पटीत. माझे रोलर १३ ग्रॅमचे होते. ते ११ चे केले, तर १३ भागिले ११, त्याचं वर्गमूळ, म्हणजे जवळपास नऊ टक्के जास्त फेरे. ५,२०० चे साडेपाच हजारांच्या वर.

हे शाळेतलं गणित वहीत मांडलं, ११ ग्रॅमचे रोलर आणले आणि आमच्या नेहमीच्या सोनारांकडे घेऊन गेले, त्यांच्या काट्यावर तोलायला. त्यांनी काही न विचारता सहाही तोलले आणि चिठ्ठीवर लिहून दिले. एक दोन दशांश ग्रॅमनं कमी निघाला. तो परत करून दुसरा आणला. एकीकडे जड, एकीकडे हलकं असेल तर पुली थरथरते.

बसवले. घाटात यंत्रावर ५,६०० च्या घरात आकडा. वहीतलं गणित डोंगरावर खरं उतरलेलं बघणं यासारखं सुख मी फार थोडं अनुभवलंय. पण शहरात आले आणि चार दिवसांत कंटाळले. सिग्नल सुटला की गाडी लगेच पळायची खरी, पण ताशी पन्नासला आवाज असा की शेजारच्या रिक्षावाल्यानं वळून बघावं. अ‍ॅव्हरेज ४७ वरून ४२ वर. महिन्यातून दोनदा घाट आणि रोज ऑफिस. लिटरमागे पाच किलोमीटर मी कुठल्या न्यायानं घालवायचे?

इथं कुणाच्याही सांगण्यापेक्षा आपला रस्ता ओळखणं महत्त्वाचं. बेल्ट बदला, रोलर बदला, इंजिनाच्या पोटातून एक थेंबही जास्त ताकद निघत नाही. जी आहे ती कुठल्या वेगाला, कुठल्या चढाला द्यायची, एवढंच आपल्या हातात. एकीकडे ओढलं की दुसरीकडे उघडं पडतं, घोंगडी लहान आहे.

काकांनी उपाय सांगितला. तीन ११ चे, तीन १३ चे, एक सोडून एक. म्हणजे गोलभर तोल राहतो आणि सरासरी १२ पडते. फेरे चार टक्क्यांनी वाढले, ५,४०० च्या आसपास. अ‍ॅव्हरेज ४५. आवाज सुसह्य.

मागची कडक स्प्रिंगही मी आणून बघितली. बाजारात ती हजारची, पंधराशेची, दोन हजारची अशी मिळते. हे रुपये नाहीत, फेऱ्यांचे आकडे आहेत. पंधराशेची लावली. वळणावरून बाहेर पडताना गाडी झटकन जोर धरायची, ते आवडलं. पण अर्ध्या तासानं झाकणाला हात लावला तर चटका बसला. जास्त दाब म्हणजे बेल्टला जास्त उष्णता. पुढच्या ताटलीवर मी मार्करनं मध्यापासून कडेपर्यंत एक रेघ ओढली होती. बेल्ट जिथपर्यंत चढतो तिथपर्यंत रेघ पुसली जाते. मूळ स्प्रिंगबरोबर ती जवळजवळ कडेपर्यंत पुसली गेली होती. पंधराशेच्या स्प्रिंगबरोबर बोटभर आधीच थांबली. म्हणजे माझ्या इंजिनाला ती स्प्रिंग पूर्ण दाबताच येत नव्हती, सर्वात वरचा गिअर माझा राहिलाच नव्हता. काढून मूळची लावली. क्लचच्या छोट्या स्प्रिंगांना हातच लावला नाही. त्या कडक केल्या तर गाडी जास्त फेऱ्यांवर झटक्यानं सुटते, आणि माझ्या मागे एकाहत्तर वर्षांची बाई एका बाजूला पाय सोडून बसते. क्लचचे शू फक्त पॉलिश पेपरनं हलके घासले, चकाकी जाईपर्यंत.

मालोसीचा व्हेरिएटर मी घेतला नाही. ज्यांच्या गाडीचं इंजिनच वाढवलेलं आहे त्यांना तो कामाचा, कारण त्याच्या खाचांचा उतार वेगळा असतो. माझा सगळा खर्च बेल्ट, बारा रोलर, ग्रीस, फेरे मोजणारं यंत्र आणि दुकानदारानं परत न घेतलेली एक स्प्रिंग, एवढाच.

सप्टेंबरच्या शेवटी, सीताफळं सुरू झाल्यावर, पुन्हा सासवडला निघालो. येवलेवाडी मागे पडली, चढ सुरू झाला. आई गप्प होती. माझ्या खांद्यावरचा तिचा हात त्या जुन्या वळणाच्या आधी घट्ट झाला, उतरायच्या तयारीत असल्यासारखा. मी रेस दिली. इंजिनानं एक सूर धरला आणि तोच धरून ठेवला. काटा सव्वीस, अठ्ठावीस, तीस. आवाज तिथंच, वेग वाढतोय. बिनगिअरच्या गाडीचं हे वेगळेपण आहे, नीट लागली की ती सूर बदलत नाही.

वळण गेलं. खांद्यावरचा हात सैल झाला.

"माझी गाडी असाच आवाज करायची," आई मागून म्हणाली. "एका सुरात. तू पुढं उभी असायचीस आणि तोंडानं तस्साच आवाज काढायचीस, शाळेपर्यंत."

मला हे आठवत नव्हतं. घाटमाथ्यावर वारा होता, बोपगावच्या पुढं रस्ता सपाट झाला, आणि भिवरीपर्यंत ती तिच्या गाडीबद्दल बोलत राहिली. बटण दाबलं की सुरू व्हायची. पावसात प्लग भिजायचा. एकदा तिनं बाबांना मागे बसवून हडपसरपर्यंत नेलं होतं आणि ते वाटभर काही बोलले नव्हते.

मामी दारातच बसली होती. आईनं चप्पल काढायच्या आधी सांगून टाकलं, "या वेळी घाटात उतरले नाही हो मी."